लायाट्रिस ओळखताना दर ऑगस्टला होणारा तोच घोळ

ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर जांभळ्या दांड्यांची रांग सुरू होते. शिकागोच्या आसपास राहणारे आपले लोक सुट्टीच्या दिवशी प्रेअरीत, म्हणजे इथल्या गवताळ माळांवर, फिरायला जातात, कुणी घरामागे इथली देशी फुलझाडं लावलेली असतात, आणि मग फोटो येतो. गवतातून डोकं वर काढलेली उंच दांडी, तिच्यावर जांभळे गोंडे, मागे निळं आभाळ. खाली प्रश्न: "ताई, ही कोणती लायाट्रिस?" लायाट्रिस म्हणजे इथली जांभळ्या फुलांची रानझाडं, आणि तिच्या जाती दिसायला फार सारख्या.

फोटो सुरेख असतो, पण जात ओळखायला त्याचा काडीचा उपयोग नसतो. उत्तर म्हणून मी दरवेळी एकच गोष्ट विचारते: गोंडा उलटा करून पाहिलास का? बहुतेकांना वाटतं मी टाळतेय. एकाने तर फोनमधल्या ॲपने दिलेलं नाव पाठवलं आणि वर "बघा, त्याला जमलं" असंही लिहिलं. त्या ॲपला मी त्याच झाडाचे तीन फोटो दाखवले, त्याने तीन नावं दिली. दोष ॲपचा नाही. समोरून काढलेल्या फोटोत जातीची खूण आलेलीच नसते, तर ते बिचारं काय सांगणार?

म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. इथे मी शिकागो आणि आजूबाजूच्या मिडवेस्टमध्ये भेटणाऱ्या जातींबद्दलच बोलतेय. लायाट्रिसच्या सगळ्या मिळून चाळीसेक जाती आहेत, सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. फ्लोरिडात, टेक्ससमध्ये, ॲपलेचियन डोंगरांत वेगळ्याच बहिणी राहतात. तिकडच्यांनी ही टिपणं जशीच्या तशी वापरू नयेत.

आधी ही लायाट्रिसच आहे ना?

निशिगंधाची किंवा ग्लॅडिओलसची दांडी आठवा. खालची कळी आधी फुलते आणि फुलोरा वर चढत जातो. लायाट्रिसचं उलटं असतं. शेंड्याचा गोंडा आधी उमलतो आणि फुलणं खाली उतरत येतं. दांडीचा वरचा भाग सुकलेला, मधला फुललेला आणि खाली अजून कळ्या असं दिसलं, की निम्मं काम झालं.

दुसरं म्हणजे एकेक गोंडा जवळून पाहायचा. हे सूर्यफुलाच्या कुळातलं झाड असलं, तरी सूर्यफुलाला बाहेरून जशा पिवळ्या पाकळ्या असतात तशा इथे नसतात. नुसती बारीक नळीसारखी फुलं एका जुडीत, आणि त्यांतून बाहेर आलेल्या दोऱ्यासारख्या जांभळ्या जिभा. आपल्याकडची ओसाडी किंवा सहदेवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. ओसाडी आणि सह्याद्रीत माजलेली रानमोडी, दोन्ही लायाट्रिसच्या अगदी जवळच्या नात्यातल्या. गावाकडे रानमोडीला शिव्या घालणारी मी इथे तिच्याच चुलत बहिणीच्या बिया निवडत बसते.

सगळ्यात जास्त फसवणारं झाड म्हणजे पर्पल लूजस्ट्राइफ. ओल्या चरांत, तळ्याकाठी, त्याच दिवसांत, त्याच रंगात फुलतं. बाहेरून आलेलं आहे आणि इथल्या पाणथळ जागा गिळून बसलंय. पण त्याला खऱ्या सुट्या पाकळ्या असतात, खोड चौकोनी असतं आणि पानं समोरासमोर येतात. लायाट्रिसची पानं एकाआड एक, अरुंद, गवतासारखी. खोड दोन बोटांत फिरवून पाहिलं तरी कळतं.

एक घोळ निव्वळ नावाचा आहे. "ब्लेझिंग स्टार" म्हणून नेटवर शोधलंत आणि पिवळी, मोठ्या पाकळ्यांची, खरखरीत पानांची फुलं दिसली, तर ती मेंत्झेलिया. ती पश्चिमेच्या कोरड्या भागातली, तिचा आणि लायाट्रिसचा काही संबंध नाही. इंग्रजीत दोघींना एकच नाव पडलंय, इतकंच. म्हणून या लेखात मी शास्त्रीय नावंच वापरतेय. जिभेला जड आहेत, पण भांडण होत नाही.

चूक होते ती कशामुळे

लोक तीन गोष्टी पाहतात: रंग, उंची आणि दांडी किती भरगच्च आहे. तिन्ही दगा देतात. रंग सगळ्यांचा जवळजवळ तोच, गुलाबीकडे झुकणारा जांभळा. शिवाय जवळजवळ प्रत्येक जातीत अधूनमधून पांढरं झाड निघतं. उंची मातीवर, पावसावर आणि शेजारच्या गवताच्या रेट्यावर ठरते. तेच बी बागेतल्या खतावलेल्या मातीत टाकलं तर छातीइतकं वाढून आडवं पडतं आणि वाळूत गुडघ्याएवढं राहतं. भरगच्चपणाने दोन गट वेगळे पडतात, एवढा उपयोग आहे. पण गटाच्या आत तो काही सांगत नाही.

नावांनी तर आणखी गोंधळ घातलाय. ज्या दोन जाती सर्वांत जास्त चुकतात त्या स्पिकाटा आणि पिक्नोस्टाकिया. पहिल्या नावाचा अर्थ कणीस असलेली, दुसऱ्याचा अर्थ दाट कणीस असलेली. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांनी दोघींचं एकच वैशिष्ट्य पाहिलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली स्पिकाटाला नाव दिलं तेव्हा तिला सेराटुला या दुसऱ्याच प्रजातीत, म्हणजे जातींच्या दुसऱ्याच गटात, टाकलं होतं. पिक्नोस्टाकिया आणि आस्पेरा ही नावं मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८०३ सालच्या ग्रंथातली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं आस्पेराची झाडं पुस्तकांत सर्रास स्कॅरिओसा म्हणून छापली जात होती. १९४६ साली गायझर यांनी या सगळ्या प्रजातीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बरीच निरगाठ सुटली. पण जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या पाट्या अजून फिरतात. जुनं पुस्तक हातात असेल आणि त्यात स्कॅरिओसा सगळीकडे उगवते असं लिहिलेलं असेल, तर ती बहुधा आस्पेरा आहे असं समजा.

आता खरी खूण. गोंडा बोटांत हलकेच धरून उलटा करा. खाली हिरवट-जांभळट खवल्यांचा पेला दिसेल, कौलांसारखे एकावर एक बसलेले. मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना छद म्हणतात. मी खवलेच म्हणते. लायाट्रिसची ओळख या खवल्यांत आहे. त्यांचं टोक गोल की टोकदार, कडा सरळ की फाटकी, खवला अंगाला चिकटलेला की बाहेर वळलेला, सपाट की फुगलेला. पेल्याच्या मधल्या रांगेतले खवले पाहायचे. अगदी खालचे आणि अगदी आतले सोडून द्यायचे, ते सगळ्या जातींत एकमेकांसारखे दिसतात.

दांडी भरगच्च आहे, गोंडे देठाशिवाय चिकटलेले

आपल्या भागात मग दोनच उत्तरं: स्पिकाटा किंवा पिक्नोस्टाकिया.

स्पिकाटाचे खवले गुळगुळीत, टोकाला गोल किंवा बोथट, आणि पेल्याला घट्ट चिकटलेले. हात फिरवला तर काही टोचत नाही. पिक्नोस्टाकियाचे खवले टोकदार असतात आणि ती टोकं बाहेर, खाली वळलेली असतात, त्यामुळे कळीच्या अवस्थेतही गोंडा विस्कटलेला दिसतो. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. अडचण एवढीच की त्या शेजारी सहसा सापडत नाहीत.

दुसरी खूण खोड. पिक्नोस्टाकियाचं खोड, विशेषतः गोंड्यांमधला भाग, बहुधा केसाळ असतो. उन्हाकडे धरला की पांढरी लव चमकते. स्पिकाटाचं खोड गुळगुळीत. ही खूण एकटी वापरू नका, पिक्नोस्टाकियात लव नसलेली झाडंही निघतात. खवला आणि खोड दोन्ही एकच सांगत असतील तर नाव लिहून टाका. भांडत असतील तर खवल्याचं ऐका.

जागाही थोडी मदत करते. मिशिगन सरोवराच्या काठची ओलसर वाळू, पाणथळ कुरणं इथे स्पिकाटा भेटते. इलिनॉयच्या आतल्या काळ्या मातीच्या प्रेअरीत आणि तिथून पश्चिमेला आयोवा-मिसुरीकडे पिक्नोस्टाकियाचं राज्य. पण हे रानटी झाडापुरतंच. शहरातल्या वाफ्यात, बँकेच्या दारात, रस्त्याच्या दुभाजकात भरगच्च जांभळी दांडी दिसली तर ती जवळजवळ नेहमी स्पिकाटा असते. दुकानांत पिशवीतून मिळणारे कंद आणि फुलवाल्यांकडच्या दांड्या याच जातीच्या. कोबोल्ड नावाचं बुटकं वाण म्हणजेही तीच.

मी या जोडीत कशी पडले ते सांगते. पहिल्या वर्षी एका राखीव प्रेअरीत स्वयंसेवक म्हणून बिया गोळा करायला गेले होते. ऑक्टोबर, सगळं तपकिरी. जांभळा रंग कधीच गेलेला, दांड्यांवर मळकट केसांचे पुंजके. दोन ठिकाणच्या दोन कागदी पिशव्या भरल्या आणि घाईत दोन्हींवर पिक्नोस्टाकिया लिहिलं. संध्याकाळी निवडताना तिथल्या एका वयस्कर काकांनी पिशवीत हात घातला, चिमूटभर कचरा तळहातावर पसरला आणि म्हणाले, या दोन पिशव्या वेगळ्या आहेत. बिया त्यांनी पाहिल्याही नव्हत्या. पाहिले होते बियांबरोबर आलेले वाळके खवले.

तेव्हापासून मला शरदातली ओळख उलट सोपी वाटते. पण एक सापळा आहे. बी सुटल्यावर पेला सुकून ताऱ्यासारखा उघडतो आणि सगळ्याच जातींचे खवले बाहेर वळलेले दिसतात. म्हणून वाळक्या दांडीवर वळण पाहायचं नाही, टोक पाहायचं. स्पिकाटाचं टोक वाळलं तरी गोलच राहतं.

या चुकीची किंमत नुसती चुकीच्या पाटीएवढी नसते. इलिनॉयला प्रेअरीचं राज्य म्हणतात, पण मुळातल्या प्रेअरीतली चांगली शिल्लक राहिलेली जमीन ०.०१ टक्क्याच्या आसपास आहे. जोलिएटजवळच्या मिडेविनसारख्या ठिकाणी, जिथे पूर्वी दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथे १९९६ पासून प्रेअरी पुन्हा उभी करायचं काम चाललंय. अशा कामात बी मुठीने नाही, चिमटीने मोजलं जातं. ओल्या जागेचं बी कोरड्या उतारावर पडलं, की एका मोसमाची मेहनत वाया.

गोंडे सुटे, बटणांसारखे, एकमेकांपासून अंतरावर

इथे तीन उमेदवार आहेत आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. आस्पेरा, लिगुलिस्टायलिस आणि स्कॅरिओसा.

आस्पेरा ओळखायला मला पापड आठवतो. तिचे खवले रुंद, गोल आणि फुगलेले, चुरमुडलेले असतात, जसा पापड विस्तवावर धरल्यावर मधे फुगतो आणि कडेला मुडपतो. कडेला पातळ, कागदी, पांढरट-गुलाबी झालर, बऱ्याचदा वेडीवाकडी फाटलेली. गोंडे गोल बटणांसारखे, खोडाला चिकटून किंवा अगदी आखूड देठावर, दांडीभर साधारण एकाच मापाचे. एका गोंड्यात फुलं बहुधा १४ ते २४. तिला कोरडी, वाळूची किंवा मुरमाड जागा आवडते आणि ती उशिरा फुलते, ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर.

लिगुलिस्टायलिसच्या खवल्यांनाही कागदी फाटकी कडा असते, आणि म्हणूनच लोक फसतात. फरक असा की तिचे खवले सपाट बसतात, फुगत नाहीत, आणि त्यांचा रंग बहुधा गडद, तांबूस-जांभळा. गोंडे मोठे, फुलं तिशीच्या पुढे, आणि ते स्पष्ट दिसणाऱ्या देठांवर बाजूला आलेले. शेंड्याचा गोंडा बाकीच्यांपेक्षा ठसठशीत मोठा. लांबून पाहिलं तरी हे जाणवतं: आस्पेरा म्हणजे ओवलेली माळ, लिगुलिस्टायलिस म्हणजे वर एक मोठा दिवा आणि खाली हातभर अंतरात लहान दिवे. तिचं खरं घर उत्तरेला आणि पश्चिमेला आहे, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, डकोटा, पुढे कॅनडातलं मॅनिटोबा. शिकागोजवळच्या माळावर दिसली तर आधी कुणी लावलीय का ते विचारा.

स्कॅरिओसाचं आपल्या भागातलं रूप म्हणजे नियूलँडिआय हा तिचा प्रकार. ओकच्या विरळ रानाच्या कडेला, अर्धवट सावलीत सापडतो, तोही क्वचितच. गोंडे देठांवर, मोठे, फुलं भरपूर, त्यामुळे पटकन लिगुलिस्टायलिस वाटते. खवले पाहा: सपाट, हिरवट, कडेची झालर अगदी अरुंद आणि अखंड, तिला बारीक लव असते पण ती फाटत नाही. शिवाय खोडावर पानांची दाटी असते, खालची पानं चांगली रुंद. नावाचा अर्थ कागदी झालरीची असा होतो आणि तिघींत सर्वांत कमी कागदी हीच. हिचाच पूर्वेकडचा प्रकार मेन राज्यात केनेबंकच्या माळावर हजारोंनी फुलतो. तिथे मुद्दाम आग लावून माळ उघडा ठेवतात. ते पाहायला एकदा जायचंय.

आता मोनार्क फुलपाखरांबद्दल, कारण हे दरवर्षी कुणीतरी सांगतंच: ज्याच्यावर मोनार्क बसतात ती लिगुलिस्टायलिस. ती मोनार्कची फार लाडकी आहे हे खरंच. एका झाडावर दहा-बारा फुलपाखरं मी स्वतः मोजलीत, शेजारची बाकी फुलं ओस पडलेली. पण ओळखीची खूण म्हणून हे चालणार नाही. मोनार्क आस्पेरावर बसतात, स्पिकाटावर बसतात, भूक असली की रस्त्याकडेच्या थिसल या काटेरी झाडावरही बसतात. फुलपाखराने वनस्पतिशास्त्राची परीक्षा दिलेली नाही.

झाड बुटकं, गोंडे मोजकेच

इथे भिंग लागतं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे, दागिन्यांच्या दुकानात वापरतात तसलं.

गोंड्यातलं एक फूल चिमट्याने उपसा. तळाशी कोवळं बी आणि त्यावर केसांचा झुपका असतो. रुईच्या बियांना लागलेली म्हातारी आपण लहानपणी फुंकायचो, त्यातलाच प्रकार, फक्त आखूड. हे केस दोन तऱ्हांचे असतात. काहींत प्रत्येक केसाला दोन्ही बाजूंनी लांब उपकेस असतात आणि तो पिसासारखा दिसतो. काहींत केस नुसता खरबरीत असतो, भिंगाखाली बारीक दाते दिसतात पण पीस होत नाही. आतापर्यंतच्या पाचही जाती दुसऱ्या गटातल्या, दात्यांच्या. पिसासारखे केस दिसले की त्या पाचही एका फटक्यात बाद. इतका स्वच्छ निकाल दुसरी कुठलीच खूण देत नाही, आणि तरी कुणी पाहत नाही.

पिसांच्या गटात आपल्याकडे मुख्यतः सिलिंड्रासिया. वीतभर ते दोन विती उंच, पानं गवतासारखी अरुंद, गोंडे थोडेच आणि नळकांड्यासारखे लांबट. खवले पेल्याला चिकटलेले, टोकाला एकदम बारीक अणी. चुनखडी, वाळू, कोरड्या टेकड्या अशा जागी ती असते आणि जुलैतच फुलायला लागते. इलिनॉयच्या दक्षिणेकडे गेलात तर स्क्वारोसा भेटेल. तिचे खवले लांब, टोकदार आणि चहूकडे ताठ पसरलेले, हाताला टोचतील असे. सिलिंड्रासियाशी तिचा घोळ व्हायला नको, पण लोक पिक्नोस्टाकियाशी करतात, वळलेले खवले पाहून. तिथे केस पाहा. स्क्वारोसाचे पिसासारखे, पिक्नोस्टाकियाचे नाहीत.

पश्चिमेच्या सपाट मैदानांत, आयोवा-मिनेसोटाच्या पश्चिम बाजूपासून पुढे पुंक्टाटा लागते. एका गोंड्यात फुलं फारच कमी, चार ते सहा. पानांवर ठिपक्यांसारख्या ग्रंथी. बाकीच्यांना जमिनीत सुरणासारखा घट्ट, गोल कंद असतो, हिला मात्र लांबलचक लाकडी मूळ असतं, कित्येक फूट खोल जाणारं. म्हणून ही उपटून बागेत लावायच्या भानगडीत पडू नका, जगत नाही. ओळखण्यासाठी खणून पाहायचीही गरज नाही.

सिलिंड्रासिया म्हणून आलेल्या फोटोंपैकी निम्मे मात्र दुसऱ्याच जातींचे असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षीचं कोवळं झाड कुठल्याही जातीचं असो, ते बुटकंच असतं आणि त्याला चार-पाच गोंडेच येतात. दुष्काळी वर्षात थोराड झाडंही तशीच दिसतात. बुटकेपणा पाहून नाव देऊ नका. भिंग नसेल तर थांबा.

सगळं पाहिलं तरी काहीच जुळत नाही

आधी झाडाला काय झालंय ते पाहा. आमच्या भागात हरणं आणि ससे जूनमध्ये शेंडा खातात. शेंडा गेला की खाली बगलांतून फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला गोंडा येतो. साधी आस्पेरा मग लांब देठांच्या गोंड्यांची दिसते आणि लगेच स्कॅरिओसा सापडल्याची आनंदाची बातमी पसरते. खोडावर कापल्यासारखी जागा दिसते का ते बघा. गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडलेल्या झाडाचंही असंच होतं. अशा झाडात देठ मोजायचे नाहीत, खवलेच पाहायचे, ते बदलत नाहीत.

दांडी मधेच वाळून मोडली असेल तर पोखरणारी अळी असू शकते. पापायपेमा बीरियाना नावाचा पतंग आहे, त्याची अळी लायाट्रिसच्या खोडात आणि मुळात राहते. पतंग दुर्मीळ आहे, म्हणून अशा झाडावर औषध मारू नका. एक दांडी गेली तर गेली. कंद शाबूत असेल तर पुढच्या वर्षी येईल. कंद उंदरांनी नेला असेल तर मात्र येणार नाही, आणि माझ्या अंगणात बहुतेक वेळा उंदीरच निघाले आहेत.

नुसता पानांचा झुबका आहे, दांडीच नाही, अशा फोटोवर मी उत्तर देत नाही. त्या अवस्थेत मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं म्हणतात त्यांच्या बागेतलं सप्टेंबरमधलं आश्चर्य मी पाहिलंय.

खरंच ओळखायचं असेल तर फोटो असे काढा. एक पूर्ण दांडीचा, शेजारी हात किंवा पेन ठेवून, म्हणजे माप कळेल. एक मधल्या गोंड्याचा बाजूने, खवले स्पष्ट दिसतील असा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका हाच कुणी पाठवत नाही. एक गोंडा खोडाला जिथे जोडला आहे तिथला, म्हणजे देठ आहे की नाही आणि खोडावर लव आहे का हे एकदमच कळतं. एक खालच्या पानांचा. जमीन ओली होती की कोरडी, आणि झाड लावलेलं की आपोआप आलेलं, हे दोन ओळींत. राखीव जागेत फूल तोडू नका, बियांवरचे केस पाहायला घरचंच झाड वापरा. वारा असेल तर दांडी दुसऱ्या हाताने धरा. माझे निम्मे फोटो वाऱ्याने खाल्ले आहेत.

एवढं सगळं करूनही काही झाडं कुठल्याच नावात बसत नाहीत, कारण ती मिश्र असतात. लायाट्रिसच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. आस्पेरा आणि सिलिंड्रासिया शेजारी असल्या की मधलीच झाडं निघतात, आणि आस्पेरा व लिगुलिस्टायलिस तर विशेषच. रोपवाटिकांत अनेक जाती हाकेच्या अंतरावर वाढवतात, मधमाशीला कुंपण कळत नाही, आणि बियाचं पाकीट मात्र एकाच नावाने विकलं जातं.

माझ्याकडे याचा जिवंत पुरावा आहे. मोनार्कसाठी म्हणून मी एका रोपवाटिकेतून लिगुलिस्टायलिसची तीन रोपं आणली होती, प्रत्येकाला नीट छापील चिठ्ठी. तिसऱ्या वर्षी तिन्ही फुलली. एक खरीच लिगुलिस्टायलिस निघाली. दुसरी चक्क आस्पेरा, पापडासकट. तिसरीसमोर मी दोन उन्हाळे भिंग घेऊन बसले. शेंड्याचा गोंडा मोठा, देठ आहेत पण आखूड, खवले खालच्या बाजूला सपाट आणि वरच्या बाजूला हलकेच फुगलेले. गोंड्यातली फुलं मोजली, कधी २५ आली, कधी २९. रोपवाटिकेला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

छापील चिठ्ठी मी काढून टाकली आणि नवीन लावली. तिच्यावर पेन्सिलने लिहिलंय: लायाट्रिस, बहुधा आस्पेरा आणि लिगुलिस्टायलिसची लेक, बी कुणाला देऊ नये. मोनार्क तिच्यावरही येतात.